बेथियाचे बुधवार

कर्कॉडी,
गुरुवार

प्रिय ग्रेगर,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलंय, त्यातून भलता अर्थ काढू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. तुझा निरोप मिळाला. स्मरणशक्ती तपासणारी नर्स आईच्या घरी येऊन गेली, निकाल वाईट लागला, आता इथला फ्लॅट रिकामा करायचा आणि पुढच्या महिन्यात आईला एबर्डीनला, तुझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात हलवायचं. जागासुद्धा धरून ठेवली आहेस. फक्त माझं मत हवंय, कारण 'दर आठवड्याला तूच तिला भेटतेस, तर काय ते स्पष्ट लिही.' बरं, स्पष्टच लिहिते. तुझी आई बेथिया म्हणजे डोक्याला ताप आहे.

आपला घटस्फोट झाला त्याच आठवड्यात तिचा फोन आला होता, हे तुला मी कधी सांगितलं नाही. म्हणाली, "घटस्फोट तुमचा झालाय, माझा कुठं झालाय? बुधवारी तुला दुकानाची सुट्टी असते ना? गाडी काढ. मला कूरॉस बघायचंय." उभा जन्म सेंट मोनन्सच्या धक्क्यावर मासे साफ करण्यात गेला, तुझ्या वडिलांनी होडीच्या पलीकडे कधी काही दाखवलं नाही, आणि आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर बाईंना फाइफ परगण्यातलं एकेक देखणं गाव बघायचं असतं. सकाळी निघायचं आणि दिवेलागणीच्या आत परत. रात्री मुक्काम नाही, कारण परक्या गादीवर झोपणं तिच्या मते फक्त आजारी माणसांना आणि राजघराण्याला शोभतं.

गाव बघायचं म्हणजे गावाला नावं ठेवायची. कूरॉसला लोक कुठून कुठून त्या पिवळ्या वाड्याचे आणि दगडी गल्ल्यांचे फोटो काढायला येतात. तुझी आई गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हे दगड पाय मोडायला बसवलेत. इथला हाडांचा डॉक्टर मजेत असेल." फॉकलंडला डोंगराखाली सगळीकडे फुलं लटकलेली, जुनी घरं कशी स्वच्छ, मला तर तिथून हलावंसं वाटेना. आणि ही? "छान आहे गं पोरी, पण समुद्र नाही. ही माणसं सकाळी उठून बघतात तरी काय?" क्रेलच्या बंदरात एक चित्रकार चित्र काढत होता. अर्धा तास ती त्याच्या पाठीमागे उभी. शेवटी त्याला म्हणालीच, "दादा, तुमची होडी बुडणार. दोर चुकीच्या बाजूला बांधलाय." त्या बिचाऱ्यानं दोर पुसला! मी गाडीत जाऊन बसले.

चहाच्या दुकानात घरी भाजलेला स्कोनचा पाव पर्समधून काढून खाते. दुकानातला मागवते, त्याला नखानं टोचून बघते आणि तो माझ्याकडे ढकलते. माझं वजन वाढलंय ते तिच्यामुळे. मालकीण बघत असली की मुद्दाम मोठ्यानं विचारते, "कालचा आहे का गं?" मी कितीदा सांगितलं, "आई, लोक ऐकतात." तर म्हणते, "ऐकू देत. ऐकलं तर शिकतील." आणि शेजारच्या पिटनवीमचं नाव काढलं की संपलंच. तिच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या माणसांना ती अजून 'तिकडचे' म्हणते, जणू ती डेन्मार्कमधून आलीत.

विसरते का? विसरते. मी खोटं लिहिणार नाही. परवा किटली जाळली. किल्ल्या पावाच्या डब्यात सापडल्या. मला अधूनमधून तुझ्या आत्याच्या नावानं हाक मारते, आणि तुझी आत्या मला मुळीच आवडत नव्हती. शिवाय तिचं ते लोखंडाचं खूळ. सेंट मोनन्सची माणसं काही शब्द अपशकुनी म्हणून तोंडातून काढत नाहीत, चुकून कानावर पडले किंवा त्या नावाचं कोणी समोर आलं तरी थंड लोखंडाला हात लावतात, हे तुला मी काय सांगू? पण तुझी आई काही बुधवारी ते पाळायची आणि काही बुधवारी नाही. एकदा कूरॉसला चर्चमधले ते काळ्या डगल्यातले गृहस्थ समोरून आले, तर माझ्या गाडीत तिनं लोखंड शोधायला सुरुवात केली. हल्लीच्या गाड्यांत सगळं प्लॅस्टिक! दार चाचपलं, आरसा चाचपला, शेवटी माझ्या अंगावरून पलीकडे वाकून पट्ट्याचं बक्कल धरलं. मी चढावर होते, गाडी बंद पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. आणि महिन्याभरानं फॉकलंडला तसल्याच एका गृहस्थांबरोबर हिनं मजेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तेव्हा मलाही वाटलं, झालं, डोकं चाललं आता हिचं.

काल आम्ही पिटनवीमला होतो. गेलो कारण पाऊस होता आणि पुढं जाववेना. धक्क्याजवळच्या दुकानात चहा घेतला. वाढणारी मुलगी मोठ्या उत्साहानं सांगायला लागली, आज आमच्याकडे अमक्याचा रोल आहे, तमक्याचं सँडविच आहे. ते अमकं म्हणजे माझ्या माहेरी, कपार गावच्या शेतावर वडील जे पाळायचे ते. चिखलात लोळणारं, वळलेल्या शेपटीचं. आई ताडकन उठली, तीन टेबलं ओलांडून कोपऱ्यातल्या लोखंडी शेगडीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. शेगडी पेटलेली नव्हती हे नशीब. मी मान खाली घातली. मग एकदम डोक्यात उजेड पडला, आणि ग्रेगर, मला तुझा असा राग आला की चहा सांडला.

नर्सच्या अहवालातून तूच लिहिलं होतंस ना, तिनं चित्रं दाखवली, गाय, घोडा, कोंबडी बरोबर सांगितली, आणि तीन चित्रांची नावं आईला आठवलीच नाहीत? मध्येच उठून भिंतीवरचा लोखंडी रेडिएटर धरून बसली, 'अस्वस्थ वाटली'? ती तीन चित्रं कुठली, तेही तूच लिहिलं होतंस. एक माझ्या वडिलांकडचं. एक लांब कानांचं. आणि एक तो नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणारा, गुलाबी मांसाचा मासा. नर्स ग्लासगोची पोर, तिला कुठून कळणार? पण तू! तुझे वडील, आजोबा, पणजोबा त्या धक्क्यावरून होड्या घेऊन गेले. लहानपणी हे शब्द तोंडातून काढलेस म्हणून तू आजोबांचा मार खाल्ला आहेस. नेमकी तीच तीन नावं वाचून तुझी ट्यूब पेटली नाही? परीक्षा तुझीही घ्यायला हवी होती.

मी तिला तिथेच विचारलं. "आई, नर्सला ती नावं का नाही सांगितलीत? तुम्हाला येत नव्हती?" माझ्याकडे असं बघितलं की मीच बावळट. "न यायला काय झालं? वीस वर्षं तुझ्या बापाच्या घरी नाताळाला खाल्लंय ते." "मग सांगायचं ना! त्यावरून तुम्हाला एबर्डीनला न्यायचं चाललंय." तर स्कोनचे तुकडे गोळा करत म्हणाली, "ठाऊक आहे. ती पोरगी लिहीत होती तेव्हाच मला कळलं. पण ग्रेगर तेव्हा तेलाच्या रिगवर होता. वारा वायव्येचा. पोरगा समुद्रावर असताना आई असलं काही तोंडातून काढते का?" म्हणजे खूळ काही बुधवारी असतं आणि काही बुधवारी नसतं, ते यासाठी. तू तीन आठवडे पाण्यावर, तीन आठवडे घरी. तुझी रिगवरची पाळी ती एकदाही विसरली नाही. मी तुझ्याशी लग्न करून सुद्धा ती मला कधी लक्षात राहिली नाही. मग तिनं विचारलं, "एबर्डीनच्या त्या खोलीतून समुद्र दिसतो का गं?" मला रडू आलं, तेही पिटनवीममध्ये, 'तिकडच्या' लोकांदेखत, आणि त्याबद्दल ती मला घरी येईपर्यंत बोलत होती.

तर माझं मत हे. किटलीचं मी बघेन, आपोआप बंद होणारी आणलीच आहे. किल्ल्यांचंही बघेन. नर्सला मी सकाळी फोन केला, सगळं समजावलं, ती ओशाळली आणि पुन्हा यायला तयार झाली. आज तू रिगवर आहेस, म्हणूनच त्या तिघांची नावं मी या पत्रात लिहिलेली नाहीत. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, तरी नाही लिहिली. पण तू जमिनीवर आलास की त्याच बुधवारी परीक्षा ठरली आहे, आणि तुला यायचंय. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. 'मी एबर्डीनला पोहोचलोय' असा फोन चालणार नाही, फोनवर तिचा भरवसा नाही. तू तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचंस, पाय जमिनीला टेकवून, तिला दिसशील असा. मग बघ, तिन्ही नावं खणखणीत घेते की नाही. त्यातलं पहिलं ती कोणाकडे बघून घेईल, याची हमी मात्र मी देत नाही.

तुझी आता कोणी नाही, पण तिची सूनच,
इशबेल