मिनिटाला किती शब्द

वहिनी,

मी लॅबला लवकर निघाले, कारण तुला तोंड दाखवायची लाज वाटते. पुस्तक समोर आलं की ठमीचं पोट दुखतं, त्याला कारण मी आहे. महिनाभर मी घड्याळ लावून तिचं वाचन मोजत होते. मिनिटाला किती शब्द, याचा आलेख तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रेघ वर चढत होती म्हणून मी खूश.

काल सहज विचारलं, "मग अस्वलाला घर सापडलं का गं?"

ती म्हणाली, "आत्या, घड्याळ चालू असताना गोष्टीकडे बघायचं नसतं."

आलेख फाडून टाकलाय. आज डॉक्टरांकडे नेऊ नकोस. ते अस्वलाचं पुस्तक तूच तिला जवळ घेऊन, सावकाश वाचून दाखव. मी बोलावलं तरी ती येईल, पण घाबरून येईल.