ज्या गाडीचं बॉनेट लागत नाही तिची वाटणी

…आणि वर मलाच विचारतात, "शालन, एवढी घाई कसली?" आठ वर्षं माझी गाडी गॅरेजमध्ये आ वासून उभी आहे, तिच्या तोंडावर निळी ताडपत्री टाकलेली आहे, शेजारची मांजर इंजिनवर झोपून जाते, आणि घाई मला! ३० मार्चला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. कन्सल्टंटबाईंनी स्पष्ट सांगितलं की बहुतेक माणसं उठतात, काही उठत नाहीत, आणि उठलात तरी पुढे बरेच आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ती गाडी रस्त्यावर एकदा तरी चालवायची एवढीच माझी इच्छा राहिली आहे. आणि ती का अडली आहे? तर माझ्या नवऱ्याला कुठलं बॉनेट घ्यायचं ते अजून ठरवता येत नाही.

तर आता कायद्याचं लिहिते.

मी, शालन पुरुषोत्तम जगदाळे, वय छप्पन, राहणार एजवेअर, शिक्षण चौथीपर्यंत, कौन्सिलच्या शाळेच्या मिनीबसवर ड्रायव्हर, हे माझं शेवटचं मृत्युपत्र लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे. कुणाच्या दाबाखाली लिहीत नाही. मला दाबणारा माणूस या घरात अजून जन्मलेला नाही. मराठीत लिहिते कारण जे मला वाचता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही.

१. याआधी अनिशने, म्हणजे माझ्या मुलाने, कॉम्प्युटरवर माझं एक मृत्युपत्र करून दिलं होतं, इंग्लिशमध्ये. ते रद्द. त्यात माझ्या गाडीपुढे "चालत नाही" असं लिहिलं आहे. गाडी चालते. किल्ली फिरवली की अख्खी गल्ली खिडकीत येते. चालत नाही तो नवरा.

२. हे सगळं अमलात आणायचं काम माझी मुलगी अक्षया हिने करायचं. भाषांतर तिनेच करून घ्यावं. अक्षया, माझे शब्द मऊ करायचे नाहीत. तुला सवय आहे. "आईला तसं म्हणायचं नव्हतं" असं तू लहानपणापासून लोकांना सांगत आलीस. मला तसंच म्हणायचं होतं.

३. घराचा माझा अर्धा हिस्सा मी वेगळा लावून घेतला आहे. तो अक्षयाचा. पण ह्यांना, म्हणजे पुरुषोत्तम जगदाळे यांना, मरेपर्यंत त्या घरात राहू द्यावं. दुसरं लग्न करायचं असेल तर माझी हरकत नाही. करणार नाहीत. बाई निवडावी लागेल ना. मलासुद्धा ह्यांनी निवडलं नव्हतं, सासूबाईंनी निवडलं. हे बाहेर ओट्यावर बसून चहा पीत होते.

४. बँकेत जे आहे त्यातून आधी माझा अंत्यविधी करावा, साधा. उरेल ते अक्षयाचं. माझं सोनं तिचं. पुरणयंत्र आणि पितळी परात तिचीच, पण ती पुरण दुकानातून आणते, म्हणून परात तिने कुंडीखाली ठेवली तरी मी वरून बघायला येणार नाही.

५. अनिशला माझी चांदीची वाटी. केंब्रिजहून इथे यायला गाडीने दीड तास लागतो, पण तो वर्षातून दोनदा येतो, वाटीभर खातो आणि घड्याळ बघतो. त्याच्या ऑफिसच्या लोकांसमोर त्याने एकदा माझी ओळख "माय मदर, शी इज अ बिट शाय" अशी करून दिली. मी आयुष्यात कधी लाजले नाही. माझ्या इंग्लिशची त्याला लाज वाटत होती. वाटी घे, बाळा. आत काही नाही.

६. आता गाडी.

ही गाडी माझी आहे. लॉगबुकवर माझं नाव आहे. १९६९ची अमेरिकन शेव्हेल, गडद हिरवी, दोन दारांची, स्टिअरिंग डाव्या हाताला. स्टॅनमोरला हॉलिस नावाचे म्हातारे अमेरिकन गृहस्थ राहायचे, त्यांच्याकडे मी केअरर होते. त्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, आणि दर शुक्रवारी त्यांच्या खुर्चीसमोर गाडी सुरू करून पाच मिनिटं धडधडू द्यायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मी ड्राइव्हवेमध्ये दोन हात पुढे घ्यायची, दोन हात मागे. ते म्हणायचे, "शॅलन, यू आर टू स्मॉल फॉर दिस कार." मी म्हणायची, "यू आर टू ओल्ड." हसून त्यांना खोकला लागायचा. गेले तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात गाडी माझ्या नावाने ठेवली. त्यांची पोरं फोनवर फार ओरडली. बापाचे लंगोट बदलायला कुणी आलं नव्हतं, ओरडायला बरोबर आली.

गाडी आली तेव्हा तिचं बॉनेट लागत होतं. सपाट, मूळ कंपनीचं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक म्हणतील की बाईने बिघडलेली गाडी आणली.

नंतर ह्यांनी आणि ह्यांचे धाकटे बंधू अंबरीश यांनी तिची सुधारणा केली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर इंजिनवरचा हवा ओढायचा जुना भाग काढून जमिनीवर ठेवलेला आणि त्याच्या जागी दुसरा, चांगला तीन बोटं उंच. त्याच्यावर कार्ब्युरेटर, त्याच्यावर फिल्टरचं गोल झाकण. "ताकद वाढते, वहिनी," अंबरीश म्हणाले. ताकद वाढली आणि बॉनेट लागेना.

"हे आधी मोजलं नाही?" मी विचारलं.

"बसेल असं वाटलं होतं," हे म्हणाले.

"वाटलं कशावरून?"

"वरून बघून."

मग मोजायची अक्कल आली. अंबरीश किचनमध्ये आले. "वहिनी, कणीक आहे का हो मळलेली?"

"का? गॅरेजमध्ये पोळ्या लाटताय?"

"माप घ्यायचंय. फिल्टरवर गोळे ठेवायचे, बॉनेट हळूच टेकवायचं, उचलायचं. गोळा किती चपटा झाला त्यावर कळतं मध्ये जागा किती राहते."

कणीक मी दिली. गोळे पापडासारखे झाले. जागा नव्हतीच. जागा बोटभर तरी लागते, कारण इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं आणि पाय दाबला की अंग झटकतं. तेव्हा झाकण वरच्या पत्र्यावर आपटतं. मग अंबरीशनी खोलगट तळाचा फिल्टर आणला, तो आत खाली बसतो. पुन्हा कणीक. या वेळी गोळा बोटभर जाड राहिला. बसलं! नव्या बॉनेटची गरजच नव्हती. तो रविवार होता. मी गॅसवर आमटी तशीच ठेवून गाडीची किल्ली घ्यायला गेले. हे म्हणाले, "आता चार दिवसांवर दसरा आहे. पूजा करू आणि मगच बाहेर काढू. आठ सिलिंडरची गाडी आहे, अशी कशी काढायची?"

थांबले. त्यात माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. सणाचा मान ठेवला.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, इंजिनला कुंकू लावलं, फिल्टरच्या झाकणावर नारळ ठेवला. आरती झाली. अंबरीश फोन काढून म्हणाले, "थांबा वहिनी, बॉनेट लावलेल्या गाडीबरोबर फोटो काढू तुमचा." मी म्हटलं, "अहो, नारळ—" तेवढ्यात त्यांनी वरून दोन्ही हातांनी आपटलं.

पत्र्याच्या बरोबर मधोमध टेंगूळ आलं. मागे दोन्ही बिजागऱ्यांपाशी पत्रा मुडपला. नारळ शाबूत. आत पाणी हलत होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता भावाला चार शब्द बोलतील असं वाटलं. हे म्हणाले, "जाऊ दे. मुद्दाम केलंय का त्याने?" आणि प्रसाद वाटायला लागले.

तेव्हापासून बॉनेट. तीन मार्ग आहेत, मला तोंडपाठ आहेत, कारण जेवताना दुसरं काही ऐकलेलं नाही.

एक: जुनंच बॉनेट पत्रेवाल्याकडून सरळ करून घ्यायचं. एसेक्सला एक म्हातारा आहे, तो म्हणतो करून देईन, पण आधीइतकं सपाट होईल याची हमी नाही.

दोन: लोखंडी नवं, मधला भाग दोन इंच उंच. आताच्या फिल्टरवर आरामात बसतं.

तीन: फायबरचं, चार इंच उंच. हलकं, स्वस्त, इंजिनवर काहीही ठेवा, बसणार. पण मी चार फूट अकरा इंच आहे. त्या उंचवट्यावरून मला रस्ता दिसत नाही, समोरच्या बसचं छप्पर दिसतं.

ह्यांचं म्हणणं, मूळ बॉनेट गेलं की गाडीची इज्जत गेली. मग करा सरळ. "पण सरळ करताना फाटलं तर?" मग दोन इंची घ्या. "पण हिरवा रंग जुळेल का?" मी स्वतः दोन इंची मागवलं. माझ्या पाठीमागे ह्यांनी ते परत पाठवलं. पुन्हा मागवलं, पुन्हा पाठवलं. बॉक्स घेऊन जाणाऱ्या पोऱ्याला म्हणाले, "माय वाईफ इज इन अ हरी." मी खिडकीतून ऐकलं.

बसवणार कोण? बिजागऱ्या, कुलूप, सगळं ह्यांच्या हाताखालचं. बाहेरच्या माणसाला गॅरेजमध्ये येऊ देत नाहीत. दोघं आणले, दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

म्हणून आता असं. पुरुषोत्तम जगदाळे यांनी या तिन्हींपैकी एक बॉनेट १५ मार्चपर्यंत निवडलं आणि माझ्या ऑपरेशनआधी गाडीला बसवलं, तर गाडी माझ्यामागे त्यांची, कुणाचा हक्क नाही. नाही बसवलं, तर ल्यूटनला एक माणूस आहे जो अशा गाड्या सुट्या करून विकतो. मी त्याच्याशी बोलले आहे. इंजिन एका मोटरबोटवाल्याला पाहिजे, दारं आयर्लंडला जातील, सीट कुणाच्या तरी बारमध्ये. तो येऊन आमच्याच ड्राइव्हवेवर गाडी उघडेल, आणि ह्यांनी समोर उभं राहून प्रत्येक बोल्ट त्याच्या हातात द्यायचा. अक्षया, तू लक्ष ठेव. आत जाऊ द्यायचं नाही. रडले तर टिश्यू दे.

मला माहिती आहे हे क्रूर आहे. मी उतारवयात नवरा बदलू शकत नाही, म्हणून त्याला जिथे दुखतं तिथेच बोट ठेवते.

७. श्री. अंबरीश जगदाळे, वेम्बली, यांना टेंगूळवालं बॉनेट, जर ते वापरात आलं नाही तर. व्हॅन करून त्यांच्या घरी पोचवावं आणि समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, चार खिळ्यांवर लावावं. त्यांच्या मिसेसने विचारलं हे काय, तर सांगावं की भावाने जन्मभर पाठीशी घातलं त्याची ही पावती. माझ्या दहाव्याला त्यांनी यावं. नारळ आणू नये.

८. माझ्या राखेचं काय करायचं यावर चर्चा करू नका. कुठल्या नदीत सोडायची त्यावर हे दोघं भाऊ दहा वर्षं बोलत बसतील. अक्षया, तू एकटीने सोमवारी जाऊन काय ते उरक आणि घरी येऊन सांग.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं. शेजारच्या पूर्वीने अक्षरं तपासली, मजकुरात हात घातला नाही.

सही: शालन पुरुषोत्तम जगदाळे

आम्ही दोघी एकाच वेळी हजर असताना शालनताईंनी आमच्यासमोर सही केली, आणि नंतर आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

साक्षीदार: पूर्वी देवधर, शेजारीण, नर्स
साक्षीदार: ऋजुता खांडेकर, मिनीबसवरची मदतनीस

स्थळ: एजवेअर, लंडन
दिनांक: ५ मार्च २०२६

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही असं पूर्वी म्हणते. नको धरू दे. हे कायद्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे, आणि याची एक प्रत मी तुमच्या चष्म्याखाली ठेवणार आहे.

अहो, रविवारी, १५ मार्चला, इथला मदर्स डे आहे. अनिश फुलं घेऊन येईल, अक्षया येईल, तुमचे बंधूही जेवायला आहेतच. संध्याकाळी सहाच्या आत, सगळ्यांसमोर, उभं राहून सांगायचं: जुनं, दोन इंची, की चार इंची. भावाकडे बघायचं नाही. चार इंची म्हणालात तर मी उशी घेऊन बसेन आणि मान उंच करून चालवेन, पण चालवेन.

आणि मी गाडी बाहेर काढेन तेव्हा शेजारच्या सीटवर तुम्ही बसणार की नाही, तेही त्याच वेळी सांगा. पट्टा त्या बाजूचाही मी तपासून ठेवला आहे. मला दोन्ही उत्तरं रविवारी सहाच्या आत पाहिजेत.