टवका उडालेला आठ

प्रिय धाकट्या,

तुझा फोन मी तीनदा उचलला नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू बोलत सुटतोस आणि मी ऐकत बसते. माझा गुडघा बरा आहे, जिना चढते. तुझ्या लेकीनं काढलेलं गाडीचं चित्र पोचलं. तिनं पाच चाकं काढलीत, पण डिकीतलं धरलं तर बरोबरच आहे.

बाबांच्या लाल गाडीचा अहवाल लिहून मी खाली सही करावी, एवढंच तुझं मागणं. बहीण जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची पारख करते, म्हणजे घरचंच काम, असं तुला वाटलं. पण मला लोक बोलावतात ते संशय घ्यायलाच. गाडी जितकी चकचकीत तितकी महाग, असं तुझ्यासारख्यांना वाटतं. मला नवा रंग दिसला की आधी विचारावंसं वाटतं, खाली काय झाकलंय? कारखान्यातला मूळ रंग, मूळ इंजिन, पहिल्या मालकापासूनचे सलग कागद आणि तशा किती गाड्या उरल्यात, यावर भाव चढतो. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळला नाही तर तीच गाडी निम्म्यावर येते. बाकीचा भाव माणसाच्या मनात असतो. तुझं गिऱ्हाईक, तो दातांचा डॉक्टर, शाळेत जाताना आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहून हीच गाडी बघायचा. बाबांचा हात लागलेली गाडी म्हणजे डोळे झाकून घ्यावी, असं तो मला दोनदा म्हणाला.

मी डोळे उघडे ठेवून गेले. तू बाहेरगावी होतास. तुझ्या बायकोनं चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत सांगितलं की इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बॉनेट उघडलं तर सगळीकडे जुन्या तेलाचा राप, फक्त नंबराभोवती वीतभर जागा घासलेली आणि वर काजळी चोळलेली. नंबर कागदाशी तंतोतंत जुळत होता. तो जुळायला नको होता, धाकट्या. तू मावशीकडे राहायला गेला होतास त्या सुट्टीत चढावर गाडीचं इंजिन फुटलं. बाबांनी अपघातात गेलेल्या तसल्याच गाडीचं इंजिन आणून बसवलं, त्याचा नंबर तसाच ठेवला आणि फाइलमध्ये चिठ्ठी लावली. मी तेव्हा बारा वर्षांची होते, टॉर्च मीच धरला होता. आता फाइलमध्ये चिठ्ठी नाही, टाचणीची दोन भोकं तेवढी आहेत.

परवा फोनवर नंबराचं विचारलं तेव्हा तू म्हणालास, असेल बाबांनीच ठोकला, लोखंडावर आकडे उठवायचे पंच त्यांच्याकडे होतेच की. मी फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. खरं सांगते, तासभर मी बाबांवरही संशय घेतला. गेलेल्या माणसावर, ज्यानं कुणाला साधा जुना स्क्रूसुद्धा नवा म्हणून लावला नाही. त्याबद्दल मला तुझा राग आला, पण त्याहून जास्त माझी लाज वाटली.

मग त्या दिवशी नंबराचा काढलेला फोटो भिंगाखाली धरला. तुला एक गोष्ट कधी कुणी सांगितली नाही. मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या पेटीतला आठाचा पंच घेऊन ऐरणीवर ठोकत बसले आणि त्याच्या वरच्या गोलाचा टवका उडाला. मी टायरांच्या मागे लपून रडले. बाबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा आठ आणला. फुटका त्यांनी पुन्हा कधी वापरला नाही आणि मी फोडलेला म्हणून टाकूनही दिला नाही. लाल गाडी आपल्याकडे आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. पेटीत दोन आठ शेजारी शेजारी पडलेले असतात, त्यातला कुठला उचलायचा नाही हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. बाबा गेल्यापासून पेटी तुझ्याकडे आहे. त्या इंजिनावर दोन आठ आहेत, आणि दोन्हींच्या वरच्या गोलाचा टवका उडालेला आहे.

अहवाल सोमवारी डॉक्टरकडे जाईल. इंजिन दुसरं आहे आणि नंबर अलीकडे ठोकलेला आहे, एवढं मी लिहिलंय. कुणी ठोकला, ती ओळ कोरी ठेवलीय. तुला काही सांगायचं असेल तर मला सांगू नकोस, रविवारपर्यंत त्याच्या दवाखान्यात जा आणि त्याला सांग. गाडी निम्म्या किमतीला गेली तरी ती बाबांचीच गाडी म्हणून जाईल. तू गेला नाहीस तर ती ओळ मला भरावी लागेल, आणि तिथे मी बाबांचं नाव लिहिणार नाही. त्याला सांगून झालं की इकडे ये, जेवायलाच ये. येताना पंचांची पेटी आण. तिच्यातला फुटका आठ माझा आहे.

तुझीच,
ताई