तीनदा मोजलेली गंगुबाई

रत्नागिरी, ८ मे २०२५

चि. वरद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आप्पा बरे आहेत. ऐकू कमी येतं, पण आंब्यावरचा डाग अजून लांबून दिसतो. पेट्या भरणाऱ्यांना दिवसभर छळतात.

आमच्या कार्यालयाची रोजगार-मोजणी संपली. आंब्याचे कॅनिंगवाले, मासळीचे कारखाने, शीतगृहं, आरे-वारेच्या रस्त्यावरची हॉटेलं, सगळ्यांची हजेरीची मस्टरं मीच पाहिली. दोन वर्षांपूर्वी अकराशे चाळीस माणसं कामावर होती, आता एकोणीसशे दहा! आप्पा म्हणाले, वरदला कळव, आता परत यायला हरकत नाही. फोन लावू का विचारलं, तर त्यांचं नेहमीचंच: पोटापाण्याच्या गोष्टी कागदावर, फोनवर माणूस हवं तेवढंच ऐकतो. म्हणून हे पत्र.

माझ्या भावजयीच्या, राहीच्या दोन ओळींची वाट पाहणारी,
तुझी ताई नीरजा

डोंबिवली, १५ मे

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र राहीने फ्रिजवर चिकटवलंय. बारा वर्षं मी दुसऱ्यांची शीतगृहं थंड ठेवतोय आणि घरी लेक सानवी मला रविवारचा पाहुणा म्हणते. तिकडे शीतगृहं वाढलीत म्हणजे यंत्रं बघणारा माणूस लागणारच. महिनाअखेर राजीनामा द्यायचं मनात आहे.

राही मात्र बोलण्यात पक्की वकिलीण. म्हणते, ताईंना विचारा, एकोणीसशे दहातल्या एका तरी माणसाचं नाव सांगा, ज्याचं दोन वर्षांत बरं झालं. आकड्याला काही विचारता येत नाही, माणसाला येतं. तेवढं कळव.

आप्पांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा वरद

रत्नागिरी, २३ मे

चि. वरद यास,
आशीर्वाद.

राजीनामा देऊ नकोस. आधी हे वाच, मग बाकीचं.

राहीसाठी नाव शोधायला मस्टरांच्या नकला काढल्या. कॅनिंगमध्ये गंगुबाई सापडली. मग मासळीच्या कारखान्यात तीच, हॉटेलातही तीच. तिच्या घरी गेले तर हसायलाच लागली. सकाळी ती आंबे सोलते, चारनंतर कोळंबी, शनिवार-रविवार हॉटेलात भांडी. म्हणाली, तीन ठिकाणी राबते तेव्हा एक घर उभं राहतं, आणि तुमच्या कागदावर तीन बायका झाल्या होय? मग त्यातल्या एकीला तरी जरा निजू द्या.

दोन दिवस नावाला नाव जुळवलं. माणसं साडेबाराशेच भरली. शिवाय मागची मोजणी ऑगस्टमधली, कॅनिंग बंद असताना; ही भर हंगामातली. हे मला आधीच दिसायला हवं होतं. जूनच्या मध्यानंतर यातली निम्मी माणसं घरी बसतील. तुझ्या कामाच्या जागा सगळ्या मिळून अकरा, आणि अकराही भरलेल्या. आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, आपण जागा मोजतो, माणसं नाही, आणि अहवाल पुढे गेला.

तुला सांगायला फोन हातात घेतला होता. समोर आप्पा बसले होते. ठेवून दिला. स्पीड पोस्टने पाठवते आहे.

रागावलास तरी उत्तर देशील ना?
नीरजा

डोंबिवली, २८ मे

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र काल, मंगळवारी मिळालं. राजीनामा सोमवारी दिला. माझे साहेब गावाला जाणार म्हणून घाई केली. एका दिवसाने चुकलं, ताई.

येत्या सोमवारी साहेब परत येतील आणि नवा माणूस पक्का करतील. तोवर मन बदललं तर सांग, म्हणालेत. पण मी सगळ्यांना पेढे वाटून बसलोय. गावाला चाललो, आता तिकडेच कामं वाढलीत, असं छाती पुढे काढून सांगितलंय. आता कुठल्या तोंडाने परत मागू?

तू फोन का नाही केलास? आणि बघ, मीसुद्धा पत्रच लिहितोय. आप्पांनी आपल्याला काय करून ठेवलंय!

त्यांना हे दाखवू नकोस.
वरद

रत्नागिरी, १ जून, रविवार

चि. वरद यास,
आशीर्वाद.

पत्र काल आलं. तू नको म्हणालास तरी आप्पांना वाचून दाखवलं, तेही ओरडून. शेजारच्या सगुणाकाकूंनाही आता सगळं ठाऊक आहे. आज सकाळी आप्पांनी फोन मागितला.

तुला फोनवर दिसलं नाही ते सांगते. त्यांच्या हातात कागद होता, चार ठिकाणी खोडलेला. तू हॅलो म्हणालास आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, चिरंजीव वरद यास अनेक उत्तम आशीर्वाद. मला हसू आलं, आणि मग आलं तसं गेलं. परत मागायला लाज वाटत असेल तर ती माझ्या नावावर टाक, म्हाताऱ्या बापाने घोळ घातला असं सगळ्यांना सांग, हे ते म्हणाले ना, ते कागदावर नव्हतं. तेव्हा कागद खाली ठेवलेला होता आणि दोन्ही हातांनी फोन धरलेला.

मग तू उद्या साहेबांकडे जातो म्हणालास.

उद्या मीही आमच्या साहेबांकडे जाणार आहे. साडेबाराशेचा आकडा माझ्या सहीने लेखी देईन, ते घेवोत न घेवोत. त्यात गंगुबाई एकदाच असेल.

आप्पांनी फोन अजून माझ्याकडे परत दिलेला नाही. तुझे साहेब काय म्हणतात ते बाहेर आल्याबरोबर आप्पांना सांग. पण हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर सोमवार होऊन गेलेला असेल. आता लिहिता लिहिता लक्षात आलं.

थांब, आप्पांकडून फोन घेते आणि लावतेच.

नीरजा