आक्कांच्या भावाची अर्धी गोळी

अंबरपेठ, हैदराबाद
जानेवारी १९९९

ती. आक्का,

तुमच्या भामाचा वाकून नमस्कार. (लिहून केलेला आहे. प्रत्यक्ष वाकणं मधे काही दिवस बंद होतं, त्याची हकीकत पुढे येते.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला शेक घेता ना? म्हैस व्याली का? वसमतला चांगली थंडी असेल. इथे ती सकाळी येऊन गेल्यासारखी करते आणि दुपारी पंखा लावायला लावते. आपली नात शिल्पा दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तुमचं मागचं पत्र तिला वाचायला दिलं तर दोन ओळींनंतर म्हणाली, "आजी, आक्काआजीचा हँडरायटिंग समझमें नै आता, तूच वाच ना." अक्षर तुमचं मोत्यासारखं आहे, दोष तिच्या मराठीचा आहे, हे मी तिला सांगितलं. तिळगूळ सोबत पाठवते आहे, गोड मानून घ्या.

कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या की कामाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे. इंग्रजी पत्रं मी आयुष्यभर तशीच लिहिली. पण मराठीत, आणि तेही थोरल्या नणंदेला, उंबरठ्यावरूनच काम सांगणं बरं दिसत नाही, म्हणून काम शेवटी. एवढं मात्र आधी सांगून ठेवते की हे पत्र भांडणातून निघालेलं आहे आणि भांडण तुमच्या भावाशी आहे. कोलेस्टेरॉलची गोळी ह्यांनी घ्यायची, पूर्ण घ्यायची आणि एकट्याने घ्यायची, असं मी ठरवलं आहे. गेले काही दिवस हे ती मुळीच घेत नाहीत.

श्रावणात ह्यांना हृदयाचा झटका येऊन गेला तो तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही रात्रभर गाडीत बसून आलात आणि दवाखान्याच्या दारात वॉचमनशी भांडलात, ते तो अजून विसरलेला नाही. मी दिसले की तुमची चौकशी करतो.) घरी सोडताना आमच्या डॉक्टर सुजातांनी बाकीच्या औषधांबरोबर ही नवी गोळी दिली आणि म्हणाल्या की आधी रक्त तपासा, मग सुरू करा, पुढेही तपासत राहू. तपासायचं हिमायतनगरच्या एका नव्या सेंटरमध्ये. तिथे काचेचं दार आपोआप उघडतं आणि आत इतकं गार असतं की म्हाताऱ्या माणसाचं रक्त सुईत यायलाच तयार होत नाही. रात्रीपासून पोटात काही नको असं त्यांनी बजावलं होतं. हे सकाळी शहाण्यासारखे निघाले आणि वाटेत इराणी हॉटेलात शिरून मलई घातलेला चहा पिऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, "मी कुठे काय खाल्लं? चहा तर घेतला." तुम्ही सहा महिने इथे राहिला असतात तर तुम्हालाही हे पटलं असतं. ह्या शहरात इराणी चहाला खाण्यात कुणी धरत नाही, पिण्यातही धरत नाही, तो श्वास घेण्यासारखा चालूच असतो. सेंटरमधल्या मुलीला मात्र पटलं नाही. तिने आम्हाला परत पाठवलं.

आकडे आले ते पार्कात सकाळी फिरणाऱ्या मंडळींमध्ये फिरले. पूर्वी ही माणसं पेन्शनवर बोलायची, मग शेअर्सवर बोलायला लागली, आता कोलेस्टेरॉलवर बोलतात. ज्याचा आकडा मोठा त्याला बाकावर मधली जागा. ह्यांचा सगळ्यांत मोठा निघाला तर घरी चेहरा असा घेऊन आले की जणू बोर्डात आलेत. त्याच बाकावरचे एकनाथराव स्वतःची गोळी सोडून लसणावर आलेले आहेत आणि दुसऱ्यांनाही लसणावर आणतात. "गोळीनं लिव्हर जातं, भाभी," म्हणाले. मी म्हटलं, "लसणानं मित्र जातात, भाऊजी." तेव्हापासून ते मला दुरून नमस्कार करतात.

आता अर्ध्या गोळीची गोष्ट. आई गेली तेव्हा हे फार लहान होते आणि तुम्ही स्वतः परकर सावरत चालणारी पोर होतात. पेरू असो, भाकरी असो, गुळाचा खडा असो, तुम्ही मोडून अर्धा ह्यांच्या हातावर ठेवायचात. लग्नात तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, "भामा, याला एकट्यानं खायची सवय नाही गं, सांभाळ." मी मान हलवली. चर्चच्या घंटेवर वाढलेली मुलगी मी, मान हलवली म्हणजे वचन दिलं असं मानणारी. तेव्हापासून ह्या घरात कुठलीही वस्तू पूर्ण खाल्ली गेलेली नाही. जामचा (इथे पेरूला जाम म्हणतात) अर्धा, जिलबीचा अर्धा, रमजानात शेजारून आलेल्या हलीमच्या वाटीचा अर्धा. मग गोळी आली. हे तुमच्या घरून आलेला अडकित्ता घेऊन बसले, नेम धरून गोळी कातरली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "तुझाही आकडा काही कमी नाही," म्हणाले.

ते खरंच होतं. त्या सेंटरमध्ये जोडीने तपासणी करा अशी जाहिरात होती म्हणून माझंही रक्त दिलं होतं आणि माझाही आकडा वाढलेला निघाला होता. शिवाय आक्का, ते अर्धी गोळी हातात धरून बसले होते तेव्हा त्यांचा चेहरा दवाखान्यातल्या त्या पहिल्या संध्याकाळसारखा दिसत होता. घाबरलेलं माणूस घाबरल्याचं सांगत नाही, वाटून घे म्हणतं. मी घेतली.

दिवाळीनंतर ह्यांचं रक्त पुन्हा तपासलं तर आकडा जेमतेम हललेला. डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. पथ्य विचारलं, ते पाळलं जात होतं. (बहुतेक.) मग त्यांनी जास्त ताकदीची गोळी दिली. अडकित्त्याला ताकदीचं काय, त्याने तिचेही दोन तुकडे केले. आणि माझ्या मांड्या दुखायला लागल्या. जिना चढताना वाटायचं की पाय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि ती बाई खालीच थांबली आहे. मी म्हटलं, वय झालं. ह्या वयात आपण सगळीच दुखणी वयाच्या खात्यात टाकतो, हीच मोठी चूक.

दहा-बारा दिवसांपूर्वी शेजारच्या सुशीलाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सतरंजीवर बसले ती उठता येईना. सगळ्या बायका वाण घेऊन निघाल्या, मी तिथेच. सुशीलाबाईंना वाटलं, मला उखाणा घ्यायचा आहे म्हणून मी अडून बसले आहे. त्यांनी सगळ्यांना परत बोलावलं. आता गोल करून उभ्या राहिलेल्या बायकांना मांड्यांचं काय सांगणार? घेतला उखाणा. या वयात, बसून, हिम्मतरावांचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या आणि मग चौघींनी मिळून मला पोतं उचलावं तसं उभं केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांपुढे. मी पायांचं सांगितलं, त्यांनी ह्यांचे कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "अम्मा, गोली मैं किसकू दी?" "इनकू." "पाँव किसके दुखरे?" "मेरे." त्यांनी खुर्ची ह्यांच्याकडे वळवली. मग ह्यांना म्हणाल्या, "अंकल, बिर्याणी बाँटके खाओ. दवा बाँटके नै खाते."

माझं रक्त पुन्हा तपासलं. लिव्हर ठीक होतं, पण गोळी बंद करून पाय कसे राहतात ते बघायचं ठरलं. मग त्यांनी मला बसवून नीट समजावलं, आणि आक्का, इतकं सरळ मला क्वचितच कुणी समजावलं असेल. ह्यांना झटका येऊन गेलेला आहे, तेव्हा दुसरा टाळायला ही गोळी खरोखर उपयोगी पडते, वय सत्तरीच्या पुढचं असलं तरी. पाय दुखले, लघवीचा रंग बदलला तर लगेच सांगायचं, लिव्हर तपासत राहायचं, आणि नवं औषध घेताना ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. जोखीम आहे, पण ह्यांच्या बाबतीत फायद्याचं पारडं बरंच जड आहे. माझं वेगळं. मला हृदयाचं दुखणं नाही, साखर नाही, दाब ठीक आहे. माझ्यासारख्या पुष्कळ जणींनी वर्षानुवर्षं घ्यावी तेव्हा त्यातल्या एखादीचा झटका टळतो, आणि ती एखादी कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही. खूप म्हाताऱ्या माणसांवर अजून अभ्यासही फारसे झालेले नाहीत, हेही त्यांनी कबूल केलं. मी घ्यावी असा आग्रह नाही, घेऊ नये असाही नाही, विचार करून ठरवा म्हणाल्या. मी ठरवलं. मला उरलेल्या आयुष्यात सतरंजीवरून उठायचं आहे. मी घेणार नाही. चालेन, तळण कमी करेन, वर्षाने रक्त दाखवेन.

घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं, "मग मीही घेत नाही. घेऊ तर दोघं." मी समजावलं, रागावले, एक दिवस बोलले नाही. (तो दिवस त्यांना आवडला असावा.) मग मी पेपरमिंटची गोळी कातरून माझा अर्धा म्हणून तोंडात टाकली. ह्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "कॉन्व्हेंटमध्ये हे शिकवलं का?" मला खरंच लाज वाटली. पण आक्का, लाजेपायी मी माघार घेणार नाही. श्रावणातली ती संध्याकाळ मी एकटीने काढली होती, तुम्ही पोचेपर्यंत. तशी दुसरी मला काढायची नाही.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार. म्हशीची काळजी घ्या, स्वतःची तिच्याहून थोडी जास्त घ्या.

तुमची
भामा

ता. क. या वर्षी तुपाचा डबा पाठवू नका. हे मनावर दगड ठेवून लिहिते आहे.

आणखी एक. कामाची गोष्ट ही. सवय तुम्ही लावलीत, मोडायचीही तुम्हीच. माझं, डॉक्टरांचं कुणाचंच हे ऐकत नाहीत. तुम्ही ह्यांना एक ओळ लिहा की गोळी एकट्यानं खा, पूर्ण खा, मी सांगते. आणि मला एक ओळ लिहा की लग्नातल्या त्या वचनातून गोळीपुरती तुला मोकळी केली. ही दुसरी ओळ मला जास्त हवी आहे.

शेवटचं. पाकिटाला डिंक मागितला तर हे म्हणाले, "आक्काला लिहितेस?" मी हो म्हटलं. "म्हणजे आता आक्काचा ओरडा," म्हणाले आणि उठून स्वतःच गोळ्यांची पट्टी आणली. मग गोळी घेतली, पूर्ण, माझ्यासमोर, पाण्याबरोबर, आणि डब्यातून एक उस्मानिया बिस्कीट काढून, अडकित्त्याने कातरून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. रोज असंच करायचं ठरलं आहे. त्यांच्या गोळीला माझं अर्धं बिस्कीट. म्हणजे तुमच्या ओळींची आता गरज नाही, तरी त्या पाठवा. तूपही पाठवा, एवढ्या-एवढ्या डब्यात. बिस्कीट मोडायला अडकित्ता लागत नाही, हे मात्र तुमच्या भावाला अजून पटलेलं नाही.