कोपरावरचे पांढरे टाके

बयो,

काल तुझ्यावर उगाच डाफरलो. माझ्या जाकिटाच्या फाटक्या कोपरावर तू हौसेने पांढऱ्या दोऱ्याचे ते जपानी टाके घातलेस, आणि मी म्हणालो, "फाटकं गावभर मिरवायचंय का?" चाळीस वर्षं रफू केला, तो कुणाला दिसला नाही यातच माझी शान. सवय जाता जात नाही.

सकाळी तू झोपेत असताना टाके उसवायला बसलो. चार ओळी उसवल्या आणि हात थांबला. एक टाका लहान नाही की मोठा नाही, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसे. म्हटलं, गुपचूप परत घालून ठेवू, हिला कळणारही नाही. पण सुईत दोरा ओवण्यातच अर्धा तास गेला. ओळी कशा पडल्यात ते संध्याकाळी बघशीलच.

रफूला आलेला वकीलसाहेबांचा कोट तसाच परत द्यायला निघालोय. आता माझ्याच्याने होणार नाही, असं सांगून येतो. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

जाकीट अंगात घातलंय. कुणी कोपराकडे बोट दाखवलंच, तर सांगेन, सरळ टाके लेकीचे, वाकडे माझे.

बाबा