माझ्या नावचा रोट

१२ जुलै, शनि.
ताईला ऑटोत घालून हॉस्पिटल, परत. लिंबायतला आमच्या गल्लीत उतरताना ती डोलली, आजारानं तोल राहत नाही. ओट्यावरची एक बाई दुसरीला म्हणाली, पिऊन आली बघ. ताई माझ्या कानात, "गुजरातमधी दारूबंदी, अन् माले फुकट चढस." हसलो. घरात आल्यावर नाही हसलो.

१३ जुलै, रवि.
कालची मेन गोष्ट राहिलीच. औषधाची टेस्टिंग चाललीय तिथल्या मॅडमनं नवी वही दिली. ताई रोज काय खाते ते लिहायचं. आधी ताईच लिहायची, आता तिचं अक्षर ओळीवर राहत नाही. मायला लिहिता येत नाही, आबा बारा तास कापडाच्या लूमवर. उरलो मी. दहावी, दोनदा.
मॅडम गुजराती. "भाई, एक दाणो पण छोडना नहीं." एवढं कशाला, विचारलं. मला समजलं ते असं: नसांच्या पेशीची कातडी चरबीची असते. ताईच्या आजारात ती डब्यातल्या तेलासारखी खवट होते. एक थेंब खवटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. कॅप्सूलमधलं तेल तसंच, फक्त जिथून खवटायला सुरुवात होते तिथला हायड्रोजन काढून जड हायड्रोजन बसवलाय. ते सहज खवटत नाही. पण शरीर जे खातं त्यातूनच ती कातडी बनवतं. साधं तेल पोटात जास्त गेलं तर या तेलाला जागाच नाही. म्हणून शेंगदाणा, तीळ, तळलेलं बंद. तूप चालेल.
बरी होणार नाही. आजार हळू होईल, झाला तर. हे मॅडमनं दोनदा सांगितलं.
जड हायड्रोजन हातावर घेतला तर जड लागेल का? विचारायचं राहिलं.

१९ जुलै, शनि.
वही चार दिवस कोरी. उधन्याला एक चाचा जुने रेडिओ उघडून बसतो, त्याच्याकडे बसलो, दिवस गेले. आज एकदम भरली. मूगडाळ, भाकर, तूप. मूगडाळ, भाकर, तूप. एका दिवशी दुधी टाकला, खरं वाटावं म्हणून.
ताईनं बघितलं. "दुधी कव्हय खादा मी?"
"लिहिलंय ना, खाल्लास."
"लिही भो लिही. वहीत तरी मी शहाणी."

२७ जुलै, रवि.
शेठचा माणूस साड्यांचं पोतं परत घेऊन गेला. ताई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. आता टिकली भलतीकडेच बसते. तो साडी उलटसुलट करत होता तर ताई म्हणाली, नवी डिझाइन शे. तो पण हसला. पोतं नेलंच.

१ ऑग., शुक्र.
रविवारी कानबाई, घरात देवी बसणार. मायनं रोटाचे गहू मोजले, घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा शेर. आबांचे, माझे. त्याचाच रोट, देवीचा नैवेद्य: पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, भजी. घरच्यांनीच संपवायचं, परक्याला घास नाही, टाकायचंही नाही. ताईला फक्त खीर, तूप घालून. माय स्वतःच म्हणाली. मॅडमचं ऐकते ती.
दोस्ताचा, पक्याचा फोन. टेम्पो सापुताऱ्याला चाललाय, एक सीट आहे. रविवारी सकाळी परत.

६ ऑग., बुध.
काल रात्री आलो. सापुताऱ्याहून वणी, तिथून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर कुठेतरी. मोबाइल बंद पडलेला. का गेलो ते... रस्ता पुढे होता.
आबा एवढंच, "कानबाई गयी." सोमवारीच बोळवण झाली, तापीत. ताई भिंतीकडे तोंड करून.
वही भरली. मूगडाळ, भाकर, तूप. चार दिवस तेच.
उद्या ताईचं रक्त घेणार.

१४ ऑग., गुरु.
रिपोर्ट. मॅडम कागद बघते, वही बघते, परत कागद. ताईच्या रक्तात ते तेल पाहिजे त्यापेक्षा खूप कमी. "डायट तो एकदम बराबर है. मतलब दवा इसकी बॉडी में लगती नहीं." वर कळवणार. लागत नसेल तर ताईला टेस्टिंगमधून काढतील.
मी वहीतल्या माझ्या मूगडाळीकडे बघत बसलो.
परत येताना ऑटोत ताई बोलली. जीभ जड झालीय तिची, सावकाश. "तुना रोट मी खादा."
"काय?"
आबांनी त्यांचा खाल्ला. माझ्या नावचं तसंच पडलेलं. मायचं पोट बिघडलेलं. देता येत नाही, टाकता येत नाही. पोराच्या नावचं उरलं म्हणजे अपशकुन, आणि पोरगं रस्त्यावर, फोन लागत नाही. माय देवीपुढे रडत बसली. "मंग मी खाई लिधा. भजी बी. मंगळवारपर्यंत."
मॅडमला का नाही बोललीस, विचारलं.
"तुनी वही खोटी पडती ना रे."
पुढचं काही आठवत नाही. पुलाखाली ट्रॅफिक होतं.

१५ ऑग.
झेंडा. कुठे गेलो नाही.

१८ ऑग., सोम.
मॅडमला सगळं सांगितलं, ताईसमोर. रोट म्हणजे काय ते हिंदीत सांगताना घाम फुटला. "प्रसाद?" नाही, प्रसाद वाटतात. हे वाटत नाहीत. "तो नहीं आया, तो इसने क्यों खाया?"
मग दुधीचंही सांगितलं. बाकीच्या पानांचंही.
मॅडमनं वही मिटली. "भाई, चार दिन का मैं समझ लेती. अब पूरी बुक का क्या करूं?"
ताई म्हणाली, मैंने खाया, इसकी गलती नहीं. मॅडमनं तिला पाणी दिलं, ग्लास स्वतः धरून.
कमिटी बसेल, ती ठरवेल. तोवर कॅप्सूल बंद. पिशवीतली बाटली पण ठेवून घेतली.

२३ ऑग., शनि.
फोन नाही. मी केला तर, "मीटिंग नहीं हुई."
माय भाकरी थापता थापता, "मन्हंच चुकनं." आबा म्हणाले, गप ऱ्हाय. नंतर त्यांनीच ताईचं ताट उचललं. कधी उचलत नाहीत.

३१ ऑग., रवि.
फोन नाही.
हॉस्पिटलची वही त्यांच्याकडेच. ताईनं मला दुकानातून दुसरी आणायला लावली. कुणाला दाखवायची, विचारलं. "आण ना भटक्या." तसेच रकाने पाडले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती सांगते, मी लिहितो. अर्धी भाकर, वरण, तूप. शेजारणीनं आणलेल्या चिवड्यातले शेंगदाणे, तीन. तीन म्हणजे तीन.
संध्याकाळी पाणी पिताना ठसका लागला. बराच वेळ थांबेना, माय पाठ चोळत होती, आबा दारात उभे. थांबल्यावर मी विचारलं, हे पण लिहायचं?
मानेनं हो म्हणाली.
त्याला रकाना नाही. कडेला लिहिलं.